वाटून घेतलेलं पथ्य

लातूरच्या एका दवाखान्यात नंबर यायला अजून लई वेळ होता. सौदामिनीची नजर मोबाईलवर होती, पण कान मात्र शेजारच्या बाकावरच्या रेणापूरच्या नवरा-बायकोकडं लागले होते.

"दोघांची शुगर का वाढली म्हणून डॉक्टर विचारतील."

"सांग की. मी चालायचं, तू पथ्य पाळायचं. वाटून घेतलंय म्हणावं."

"पर तुम्ही चालून आलात की लोण्यासंगं धपाटे हाणता!"

"चालल्यावर भूक लागत न्हाई व्हय? अन् तू? दिवसभर बाजंवर पडून राहतीस."

"बिनतेलाची भाजी खाऊन उठायला जीव राहतो का?"

"अगं, एकादशी तू धरतीस, पुण्य दोघांना लागतंय. मग पथ्य का न्हाई लागत?"

तेवढ्यात आतून हाक आली, "हणमंतराव, रक्त द्यायला चला!"

"तूच जा की. मला सुईचं लई भ्या वाटतंय."

"तुमच्या नावानं पुकारलंय."

"मग काय झालं? तुझं दिलं काय, माझं दिलं काय, एकाच घरातलं हाय."

"हाव, जाते की. पर आजपासून धपाटे बी मीच खाते. तुमचं पोट आपोआप भरंल."

हणमंतराव बाही वर सारत उठले.