खांबेट्यांची अर्धी गादी

एकशेऐंशी ग्रॅम.

मंडळी, ऐका, आजच्या आख्यानातल्या नायकाचा लाभ म्हणाल तर एवढाच होता. राज्य नाही, मोक्ष नाही, जावयाला नोकरी नाही. एकशेऐंशी ग्रॅम! म्हणजे किती? दोन बरे कांदे. आणि गंमत अशी, की तेही त्याला मिळायचे नव्हते – त्याच्याकडचे कमी व्हायचे होते. कमी होण्यात लाभ मानणारा माणूस दोनच ठिकाणी सापडतो. एक तर हिमालयातल्या गुहेत, नाहीतर पाठीवर पिशवी घेऊन डोंगर चढणाऱ्यांत.

तर आजचा प्रश्न असा. माणूस हलका झाला, हे ओळखायचं कसं? पाठीवरचं ओझं उतरलं, की झाला हलका? आपण म्हणतो, "महाराज, आम्ही सगळं सोडलं." बरं, सोडलंत. ते पडलं कुठे?

उतरले ओझे, झालो मी मोकळा।
कोणाचिया गळा, पडले ते॥

ओवी माझीच आहे हो, कुठल्या संताच्या माथी मारू नका. पेटीवाले, मान डोलवू नका, गोष्ट अजून सुरू व्हायची आहे.

कऱ्हाडात शशिकांत खांबेटे म्हणून एक गृहस्थ. पोस्टात होते, पार्सलच्या खिडकीवर. चौतीस वर्षं लोकांच्या पुड्या तोलल्या. माणूस निवृत्त झाला, पण काटा काही निवृत्त झाला नाही. जेवायला बसले तर भाकरी हातावर घेऊन सांगायचे, आज पंच्याण्णवची झालीय. त्यांच्या कुटुंबाचं नाव सुलभाबाई. त्या म्हणायच्या, "तोलून झाली असेल तर खा आता."

या दोघांनी निवृत्तीनंतर एक भटकंती मंडळ धरलं. पंधरावीस माणसं, सगळी पन्नाशीच्या पुढची, वर्षातून एकदा तीन दिवसांची मोठी वाट चालायची. पुढारी मुलाणी सर, शाळेत ड्रिल शिकवायचे. आता प्रत्येक मंडळाची एक रीत असते. या मंडळाची रीत अशी, की पायथ्याच्या देवळात वडाच्या फांदीला काटा टांगायचा आणि पाण्याची बाटली सोडून एकेकाची पिशवी तोलायची. ज्याची सगळ्यांत हलकी, त्याच्या हातात पुढची काठी. पिवळं फडकं बांधलेली वेताची काठी. ती घेऊन तो तीन दिवस सगळ्यांच्या पुढे चालणार. बस्स, एवढाच मान. पण मानाचं कसं असतं, मंडळी? तो जितका लहान, तितकं त्यासाठी भांडण मोठं. लग्नात पहिल्या पंगतीला कोण बसलं होतं, हे वीस वर्षं लक्षात ठेवणारे इथे किती आहेत, हात वर नका करू.

आदल्या वर्षी खांबेट्यांची काठी गेली. औषधाच्या दुकानातल्या पेंढारकरांनी मारली. दीडशे ग्रॅमनी! ते दीडशे ग्रॅम खांबेट्यांनी वर्षभर उशाशी घेऊन झोप काढली. मग कापाकापी सुरू. पंच्याचे दोन तुकडे केले, एक घरी ठेवला. खिशातलं पंचांग होतं, त्यातली जायच्या तीन दिवसांची पानं ठेवली, बाकीचं वर्ष फाडून टाकलं. जपमाळेतले मणी काढले नाहीत, ही देवाची कृपा.

तरी पेंढारकरांची धास्ती होतीच. शेवटी नजर गेली गादीवर.

आता तुम्ही म्हणाल, डोंगरात गादी कसली? असते हो. जमिनीवर अंथरायची पातळ गादी. सुलभाबाईंनी आपल्यासाठी आणली होती ती फोमची, घडीघडीची, अंड्यांच्या ट्रेसारखी खळगे खळगे असलेली. दिसायला बेंगरूळ, पिशवीच्या बाहेर बांधायची. वजन चारशे दहा. खांबेट्यांकडेही तसलीच होती. ती घेऊन ते पुण्याला गेले आणि दुकानातल्या बाईंना विचारलं, याहून हलकं काय आहे?

बाई शहाणी होती. तिनं चार गाद्या पसरल्या. ही फोमची, काट्यावर टाकलीत तरी बिघडत नाही. ही हवेची, फुगवायची, आत ऊब धरणारा थर आहे, पण वजन पाचशेच्या घरात. ही तशीच, आत थर नाही, उन्हाळ्यात बरी. आणि ही त्याच उन्हाळीची अर्धी, डोक्यापासून कमरेपर्यंत. पाय पिशवीवर ठेवायचे. दोनशे तीस.

दोनशे तीस हा आकडा ऐकला आणि खांबेट्यांच्या कानाचं दार लागलं. बाई पुढे बोलतच होती. आणि बोलत होती तेच मुद्द्याचं होतं.

"काका, गादी मऊपणासाठी नसते. जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते, ती अडवायला असते. कधी जाणार आहात?"

"पौषात."

"मग ही नका घेऊ."

"पण दोनशे तीसच ना?"

"हो, वजन दोनशे तीसच."

"द्या."

बघा, मंडळी. गुरू भेटला, उपदेश झाला, शिष्यानं त्यातला आकडा तेवढा घेतला. आपण पोथीचं तरी दुसरं काय करतो? किती अध्याय झाले ते सांगतो. काय वाचलं ते विचारू नये.

चारशे दहातून दोनशे तीस गेले. राहिले? तेच आपले एकशेऐंशी. दीडशेनी हरलेला माणूस तीस ग्रॅमनी जिंकणार!

घरी येऊन त्यांनी गादी फुगवली. आणि एक अडचण लक्षात आली. हवेची नाजूक वस्तू, सह्याद्रीत काटाकुसळ पावलोपावली, एक बारीक टोचलं की संपलं. खाली जाड ताडपत्री हवी. ताडपत्री तोलली. तीनशे चाळीस. खांबेटे सुलभाबाईंना म्हणाले, "अगं, ताडपत्री काय, दोघांचीच आहे. तुझ्या पिशवीत राहू दे."

दोघांची! नवऱ्यांनो, या शब्दाचा नीट अभ्यास करा. घरात जी वस्तू दोघांची असते, ती उचलायची वेळ आली की एकाचीच होते. टाळ्या बायकांच्या बाजूनं जास्त आल्या, मी नोंद घेतली.

आता सुलभाबाई का निघाल्या होत्या, ते ऐका. त्यांना काठीबिठी नको होती. मुलीच्या बाळंतपणात जीवावरचं दुखणं झालं होतं, तेव्हा त्या वाघजाईला बोलल्या होत्या: दोन्ही जीव सुखरूप सुटले तर तुझ्या कड्यावर माझ्या पायानं चालत येईन आणि माझ्या हातानं दिवा लावीन. नात सुटली, चालू लागली, शाळेत जाऊ लागली. नवस तसाच. कारण त्या कड्यावर जायची वाट म्हणजे एक अरुंद धार, दोन्हीकडे दरी. मंडळ त्या वाटेनं क्वचितच जायचं. यंदा जाणार होतं. आणि गुडघ्याच्या डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं, की डोंगर चढायचा तो यंदा चढून घ्या, पुढच्या वर्षाचं मी बोलत नाही. म्हणून पिशवीत एक पितळेची पणती, तेलाची कुपी आणि हातानं वळलेल्या पाच वाती.

पायथ्याला काटा टांगला. पेंढारकर पाच किलोला तीस ग्रॅम कमी. खांबेटे पाचाला साठ कमी. तीस ग्रॅमनी काठी आली! सुलभाबाईंची पिशवी सात किलो दोनशे भरली. कुणी बघितलं नाही. शेवटच्या नंबराला कोण बघतं?

पहिला दिवस उत्तम. काठी पुढे, खांबेटे काठीच्या मागे. मुक्काम गावातल्या शाळेत, लाकडी फळ्यांची जमीन, चार भिंती. गादीवर खांबेटे कमरेपर्यंत झोपले, उरलेले शाळेत झोपले. सकाळी सगळ्यांना सांगितलं, दोनशे तीस ग्रॅममध्ये झोप कशी लागते ते बघा.

दुसरा मुक्काम कातळाच्या सड्यावर. वर आभाळ, खाली खडक, मधे खांबेटे. दिवसभर तापलेला कातळ रात्री असा गार पडतो, की भाकरीचा तवा धुऊन ठेवावा. वारा वरून येतो तो परवडला, पांघरूण घेता येतं. ही थंडी खालून. गादीतली हवा कातळाइतकीच गार झाली आणि खांबेट्यांचे दात वाजू लागले. त्यांनी अर्धा पंचा गुंडाळला. पंचांगाची तीन पानं पोटावर ठेवली, असं लोक म्हणतात, मी पाहिलं नाही.

सुलभाबाईंना जाग आली. म्हणाल्या, इकडे या माझ्या जागेवर. खांबेटे उठून गेले. आता खरं सांगतो, त्यांनी विचारलं. तेवढा माणूस बरा होता. "आणि तू?" असं विचारलं. त्या म्हणाल्या, "मी बसते जरा." 'जरा' ऐकलं, खांबेट्यांचं समाधान झालं, आणि अंड्यांच्या ट्रेवर त्यांनी अशी ताणून दिली की उजाडेपर्यंत कूस बदलली नाही. सुलभाबाईंनी त्या अर्ध्या गादीवर पडून पाहिलं, दहा मिनिटांत उठल्या, आणि विझत आलेल्या निखाऱ्यांपाशी गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. उजाडेपर्यंत.

मंडळी, आता इथे गोष्ट चढाला लागते.

मुलाणी सरांची एक शिस्त. धारेवर जायच्या दिवशी सकाळी झोपेची हजेरी. एकेकाला विचारायचं, किती तास? तीनच्या आत ज्याची झोप, त्यानं धारेवर पाय ठेवायचा नाही. वाडीवरचा गवळी दूध घेऊन मागच्या सोप्या वाटेनं खाली जातो, त्याच्याबरोबर उतरायचं. ड्रिलमास्तर माणूस, नियम म्हणजे नियम.

पेंढारकर पाच. खांबेटे सहा. सुलभाबाई?

खोटं बोलता आलं असतं. पण देवीच्या पायरीशी येऊन देवीच्याच नावानं आलेली बाई खोटं कशी बोलेल? त्या म्हणाल्या, "नाही लागला डोळा."

सर हळूच म्हणाले, "वहिनी, मग तुम्ही गवळ्याबरोबर."

"बरं."

एवढंच. ना रडणं, ना नवऱ्याकडे बघणं. पिशवी उघडली, पणती, तेल, वाती काढल्या, खांबेट्यांच्या हातात दिल्या. म्हणाल्या, माझ्या नावानं लावा.

आता हा देखावा डोळ्यांसमोर आणा. खांबेट्यांच्या एका हातात मानाची काठी. दुसऱ्या हातात बायकोचा नवस. अंगात बायकोची झोप. पाठीवर पाचाच्या आत पिशवी. याहून हलका माणूस सह्याद्रीत त्या दिवशी दुसरा नव्हता! गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? सरांनी किती झोपलात ते विचारलं होतं, कुणाच्या गादीवर ते नाही. बोला, तुम्ही काय केलं असतं? बोलू नका. शेजारी कुटुंब बसलंय.

खांबेटे काठी घेऊन निघाले. दहा पावलं गेले, वीस गेले. चौतीस वर्षं पार्सलं हाताळलेला हात हो. हातातल्या पणतीचा भार त्याला बरोबर कळला. पार्सल पत्ता चुकून आपल्या हातात आलंय, हे पोस्टातल्या माणसाला सांगावं लागत नाही. ते वळले.

"सर, ते सहा तास माझे नाहीत. हिच्या गादीवर झोपलो मी. हिला वर न्या, खाली मी जातो."

सर म्हणाले, "खांबेटे, तुम्ही खाली गेलात म्हणून त्यांची झोप कशी भरून येईल?"

खरंच की! पश्चात्ताप झाला, कबुली दिली, आणि डोळ्यांतली झोप जिथल्या तिथे. हे लक्षात ठेवा. चूक मान्य केली म्हणजे तिची भरपाई झाली, असं आपल्याला वाटतं. समोरची बाई अजून जागीच आहे.

तेव्हा सुलभाबाई पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या. "मला तीन तास द्या. उन्हात. आणि ह्यांना म्हणावं, गप्प बसा."

सरांनी उन्हाकडे पाहिलं, मंडळींकडे पाहिलं. तीन तास थांबायचं म्हणजे धार भर उन्हात. उतरणीलाही उशीर. पेंढारकर म्हणाले, थांबू. बाकीचे म्हणाले, थांबू. सर म्हणाले ठीक, पण थकलेल्या माणसानं धारेवर ओझं न्यायचं नाही, आणि दुसऱ्याचं ओझंही तिथे कुणी उचलायचं नाही. पिशवी खालीच गेली पाहिजे.

सुलभाबाई आपल्या बेंगरूळ गादीवर आडव्या झाल्या आणि घोरू लागल्या. चौदा माणसं कुजबुजत चहा पीत बसली.

आणि खांबेट्यांनी गवळ्याबरोबर निघायचं म्हणून बायकोची पिशवी उचलली. उचलली आणि खाली ठेवली. सात किलो दोनशे! चौतीस वर्षांत त्यांनी जे पार्सल कधी उघडलं नाही, ते त्या दिवशी उघडलं. ताडपत्री निघाली. खाली त्यांची कानटोपी. त्यांच्या गोळ्यांचा डबा. त्यांचा लोकरी गळपट्टा, जो त्यांनी घरी 'नको' म्हणून काढून ठेवला होता. त्यांना डिंकाच्या लाडवाशिवाय चढवत नाही, म्हणून लाडू. सुलभाबाईंचं म्हणाल तर दोन साड्या आणि एक पांघरूण. खांबेटे त्या पसाऱ्यासमोर उकिडवे बसले आणि मनातल्या मनात तोलत गेले. बेरीज झाल्यावर पणती, तेल, वाती आणि काठी त्यांनी आपण होऊन झोपलेल्या बाईंच्या उशाशी ठेवली. नियमानं तीच मालकीण. तिच्या हातात आता पणतीशिवाय काही नव्हतं.

गादी तेवढी तिच्याखाली राहिली, ती गवळी दुसऱ्या दिवशी खाली आणणार होता. मग एक पिशवी पाठीवर, एक पोटावर, असे खांबेटे गवळ्याच्या मागून उतरले. गवळी घडीघडी थांबायचा आणि विचारायचा, बाबा, एवढं घेऊन वर कशाला गेला होता?

दुपारी कड्यावर वाघजाईपुढे दिवा लागला. वारा होता, चार वाती विझल्या, पाचवी धरली. खांबेटे तेव्हा खाली एस्टीच्या थांब्यावर दोन पिशव्यांच्या मधे बसले होते. तिथून कडा दिसतो. दिवा दिसत नाही.

तर मंडळी, हलकं व्हायला माझी ना नाही. व्हा की. गादी हलकी घ्या, संसार हलका करा, निवृत्त व्हा, सोवळे व्हा, 'मी कशात नाही' म्हणा. फक्त आज घरी जाल तेव्हा शेजारच्या माणसाची पिशवी एकदा उचलून बघा. तुमचं टाकलेलं सामान तिथे सापडेल. सापडलं, तर कीर्तनाला आल्याचं पुण्य त्याच वेळी मिळालं, नारळाची वाट बघू नका.

आता शेवटची बेरीज घालतो आणि थांबतो. वाचले ते एकशेऐंशी ग्रॅम, खांबेट्यांचे. त्यापायी घरातून निघताना ताडपत्रीचे तीनशे चाळीस वाढले, ते गेले सुलभाबाईंच्या खांद्यावर. एक रात्र, तीही सुलभाबाईंची. सकाळचे तीन तास मंडळातल्या चौदा जणांचे, त्यांचा यात काही संबंध नसताना. आणि देवीचं हुकलेलं दर्शन व बारा किलोंची उतरण, ही दोन मात्र खांबेट्यांनी स्वतः भरली.