साळ्यानं चढवलेला पट्टा

आमच्या साळ्यासंग काम करणं म्हणजे काय असते, ते ऐका. लेकीच्या लग्नाचा पलंग करायचा होता, म्हणून मी मूल गावच्या घरी पडवीत जुनी आरा मशीन बसवली. तिच्या चाकांवर दातांचा पट्टा चढवला साळ्यानं, सुधाकरनं. बटन दाबलं तं पलंगाच्या पायांचं सागवान कापेच ना, नुसता धूर!

पाहतो तं पट्ट्याच्या दातांची टोकं वर. खाली पाहिजेत, तेव्हाच लाकूड कापते.

"बाबू, पट्टा उलटा कर," मी म्हणलो.

त्यानं काढला, फिरवून चढवला. दात वरच. पुन्हा फिरवला. तरी वरच!

"भाऊजी, पट्टाच खराब हाये. वापस करा."

आतून बायको ओरडली, "लेकीच्या सासरचे संध्याकाळी पलंग न्याले येऊन राह्यले! बिनपायाचा देता का?"

मंग मीच पट्टा काढला. अंगातल्या बंडीची आतली बाजू बाहेर करतो ना, तसा पालटला अन् चढवला. दात खाली आले, सागवान सरसर कापलं.

सुधाकर माझ्या बायकोले म्हणते, "ताई, मी तं सकाळपासून उलटंच करून राह्यलो, भाऊजीलेच समजत नव्हतं!"

"दमला माझा भाऊ," म्हणून तिनं पहिला चहा त्यालेच देल्ला.