कापड्याच्या देवाचा नारळ

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती शरच्चंद्रसाहेब, सौ. वहिनी आणि महाड-पोलादपूरहून आवर्जून आलेल्या बंधुभगिनींनो,

मी इथल्या शाळेची विज्ञानाची बाई आणि कुडपणची माहेरवाशीण. साहेबांबद्दल चार चांगले शब्द बोला, असं संयोजकांनी बजावलं आहे. बोलते. साहेबांनी शाळेला प्रयोगशाळा दिली. त्यांचं बोलणं तर इतकं गोड, की समोरच्याला प्रश्नच सुचू नये.

पातळ पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा साहेबांनी मक्यापासून प्लास्टिक करणारा कारखाना इथे उभा केला. मुलांना त्यांनी समजावलं, मका हवेतला कार्बन शोषतो, पिशवी कुजली की तेवढाच परत जातो, पृथ्वी काही तापत नाही. किती सुटसुटीत, नाही का? फक्त मका लावायचा कुठे, हे त्यात नव्हतं.

तो कुडपणला लावला. आमच्या भावकीच्या उतारावर जुनं रान होतं. ते तोडायचं तर आमच्यात देवाला कौल लावतात. गुरव देवाला ओल्या पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. रामजी गुरवाने साहेबांचेच शब्द देवापुढे ठेवले: या मक्याने जगाचा ताप उतरणार आहे, तर रान तोडू का? उजवी पडली. रान तोडलं, जागेवरच जाळलं. गेल्या उन्हाळ्यात त्याखालचा झरा आटला. माझी बयाबाई काकी देवावर रागावली नाही. म्हणाली, "देवालाच खोटं सांगितलं, तर त्याचा काय दोष हाय गो?"

साहेब, मागच्या महिन्यात आंबेनळी घाटातून तुमच्याच गाडीने येताना तुम्ही मला म्हणालात, "बाई, त्या जाळलेल्या रानाचा कार्बन भरून निघायला पन्नास वर्षं पिशव्या कराव्या लागतील. खताचा आणि बॉयलरचा हिशेब वेगळाच." मी विचारलं, हे गावात का सांगत नाही? तुम्ही गाडीची काच वर केलीत.

न कळून चूक झाली असती, तर मी आज गप्प बसून हार घातला असता. तुम्हाला कळत होतं, याचा मला राग आहे.

उद्या कापडे गावात कौल आहे. तिथलाही उतार, तोच मका, तेच गाऱ्हाणं. कापड्याची मंडळी इथे बसली आहेत, पण माझं ऐकून ती थांबायची नाहीत. त्यांच्याकडे साहेबांचा शब्द चालतो. आणि साहेब परवा पुण्याला निघणार आहेत.

शाल अध्यक्षांनी दिली. श्रीफळ द्यायचा मान मला मिळाला आहे. पण साहेब, हा नारळ घरी न्यायचा नाही. उद्या कापड्याच्या देवापुढे ठेवायचा, आणि घाटातलं ते वाक्य गाऱ्हाण्यात स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मग पाकळी कुठलीही पडू दे, मी एक शब्द बोलणार नाही.

वहिनी, चांगल्या प्रसंगी कडू बोलले, लहान बहीण समजून पदरात घ्या. अध्यक्षांनी मला मध्येच थांबवलं नाही, आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. काही अधिक-उणं झालं असेल तर क्षमा असावी.

साहेब, नारळ काही जड नाही. हात पुढे करा.