परीक्षेतला क्ष

अगं, मला परीक्षेतून हाकलणार होते, ते सांगितलंच नाही का तुला? पदवीला प्रवेश हवा तर आधी बीजगणित पास व्हा म्हणाले, म्हणून मी इथे सिंगापुरात पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये बसून अमेरिकेतल्या एका कम्युनिटी कॉलेजचा ऑनलाइन कोर्स केला. परीक्षा कॅमेऱ्यासमोर. मी पडले मराठी शाळेतली, पुटपुटल्याशिवाय गणित सुटतच नाही. "क्ष वर्ग अधिक तीन क्ष... आता हा क्ष इकडे घेऊ..."

एकदम स्क्रीनवरून परीक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या मॅडम कडाडल्या, "खोलीत कोण आहे?"

"कोणीच नाही, मॅडम."

"मी ऐकलंय. सारखं क्ष, क्ष करताय. हा क्ष कोण? त्याला आधी बाहेर काढा, नाहीतर पेपर रद्द!"

घाईघाईत माझ्या तोंडातून निघून गेलं, "मॅडम, मी मघापासून त्यालाच तर शोधतेय!"

त्या आणखीच भडकल्या. मग मी कागद कॅमेऱ्यापुढे धरला, एक्सवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हा बघा. आमच्या मराठीत याला क्ष म्हणतात."

मॅडम खो खो हसत म्हणाल्या, "बरं, सापडला की मलाही सांगा."

सापडला गं. पास झाले!