समोर ऐकणारं कुणी

‘—माणूस जाऊन पुरते दिवस नाही झाले, तर तोच वर चढला, आणि मग…’ इथपर्यंत ऐकलं मी, साहेब. पुढचं नाही. लाँड्रीत उभी होते, त्या दोघी बोलत होत्या, मला पाहिलं आणि लगेच डाग कशानं निघतो त्यावर गेल्या. आता माझ्याच मजल्यावरची गोष्ट, माझ्याच समोरचं दार, आणि मलाच ऐकवायची नाही म्हणजे काय! बसा ना. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय लंगडा आहे, इकडे बसा. ते तुमचं यंत्र ठेवा खाली, कुणी नेत नाही. — कोण चढला म्हणजे? चष्मेवाला. तुम्ही त्याच्यासाठीच आलात ना? नाही? हवेतल्या गोंगाटाची तक्रार, कुठल्या नव्या इंटरनेट कंपनीनं सरकारात केलेली? बरं, म्हणजे तेच की.

असं बघा — ह्या समोरच्या दारात मास्तर राहायचे. शाळेतले नव्हेत हो, लोकांना इंटरनेट द्यायचे, बिनतारी. गच्चीवर खांब, खांबावर चार अँटेना, चार दिशांना. कुणालाही धरून समजावत बसायची खोड, म्हणून मास्तर. आणि पलीकडच्या इमारतीवर चष्मेवाला, त्याचाही हाच धंदा. मधे गल्ली एवढीशी — हात लांब केला तर ह्याचं वाळत घातलेलं त्याला काढता येईल — आणि हवा दोघांत एकच. ह्याचं सुरू झालं की त्याचं अडखळायचं, मग तो जोर वाढवणार, मग हे वाढवणार, आणि गिऱ्हाईक बसलंय त्या गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत. बोलायचे का एकमेकांशी? छे! सगळं माझ्या तोंडून. ‘मावशी, त्याला सांगा, तो चॅनल सोड म्हणावं.’ मी जायची. ‘मावशी, त्यांना सांगा, हवा काय त्यांच्या वडलांची आहे का?’ मी यायची — आणि सांगायची, ‘विचार करतो म्हणालाय.’ निरोप नेणाऱ्यानं एवढं तरी करावं की नाही?

शेवटी मिटलं ते असं, की मास्तरांनी आपल्या अँटेना उभ्या ठेवायच्या आणि त्यानं आपल्या आडव्या. एकाची लाट उभी, एकाची आडवी, मग धक्का लागत नाही म्हणे. अरुंद जिन्यात एकानं अंग चोरलं की जातात ना दोघंही, तसं. आणि हे दोघांनाही पहिल्यापासून ठाऊक होतं, साहेब! अंग कुणी चोरायचं, एवढ्यावर वर्षं घालवली. पुरुषांचं काय सांगावं — तुम्हाला नाही म्हणत.

मग मास्तर गेले. सकाळी, दाढी करता करता. मीच आधी पोचले. अर्ध्या गालावर साबण तसाच होता, टॉवेलनं पुसला मी. रडू? नाही आलं. अजून नाही आलं. हाताला काम दिसलं की मी ते करते, बस. आणि वहिनी — मास्तरांची बायको — त्यांचंही तसंच. वाढलं की जेवतात. पाणी काढलं की अंघोळ. मग खुर्चीत. समोर भिंतीवर तो डबा आहे इंटरनेटचा, त्याला हिरवा दिवा, त्याच्याकडे तोंड करून. मी जाते, बसते, भाजी निवडते. त्यांच्या तोंडून शब्द नाही. माझ्या तोंडाला खळ नाही, ते तुम्ही बघताच आहात.

तो दिवा म्हणजे — मास्तरांनीच समजावलं होतं मला — समोरच्या टोकाला ऐकणारं कुणी असेल तरच लागतो. आणि गिऱ्हाइकं तर चालली होती एकेक. कुठे जाणार? चष्मेवाल्याकडे. त्याच आठवड्यात पत्रकं वाटली त्यानं, दारोदार, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. माझ्याही दारात टाकलं एक. मी बोलले नाही त्याच्याशी. उरला होता कोपऱ्यावरचा दवाखाना. मग ते वारं सुटलं एक दिवस, दवाखान्याकडे तोंड असलेली अँटेना कलंडली, उभीची आडवी झाली, आणि दिवा गेला. आणि वहिनी उठल्या. आपणहून, पहिल्यांदा. दार उघडलं, जिन्याकडे बघून हाक मारली, ‘अहो, गेलं बघा. वर जाऊन या जरा.’ रोजच्या आवाजात, साहेब. अगदी रोजच्या. मग चौकटीला टेकून उभ्या राहिल्या, वाट बघत.

मी माझ्या दारात. आणि जिन्यात कोण — चष्मेवाला. भांडायला येत होता, आडव्याला आडवं लागून त्याचीही लाइन तुटत होती ना. एक पाय वरच्या पायरीवर, तसाच. वहिनींनी बघितलं त्याच्याकडे — ओळखलं की नाही, कोण जाणे. तो म्हणाला, ‘जातो.’ एवढंच. आणि गेला वर. गच्चीची कडी मीच काढून दिली.

दवाखाना त्याच दुपारी त्याच्याकडे गेला, हो. मास्तरांच्या तीन अँटेना त्यानं बंद केल्या, तेही खरं. चौथी सरळ केली, बोल्ट आवळले — पण ऐकणार कोण? मग स्वतःच्या गच्चीवर एक लहानसं यंत्र बसवलं त्यानं, इकडे तोंड करून, आणि चौथी तिकडे वळवली. आता ती दोन बोलत असतात एकमेकांशी. काय बोलतात? काही नाही. नुसतं ‘आहेस का’ — ‘आहे’. त्यासाठी एक अख्खा चॅनल मोकळा ठेवलाय त्यानं, मास्तरांनी मागून मागूनही ह्यानं जो सोडला नव्हता तो. वहिनी परत खुर्चीत जाऊन बसल्या. मला कुणाला सांगू नका म्हणाला. मी कशाला सांगतेय.

— काय लिहिताय? परवाना? मास्तरांच्याच नावावर असणार, दुसऱ्या कुणाच्या? ते गेल्यावर परवानाही गेला, म्हणजे… हं. म्हणजे त्या नव्या कंपनीनं तक्रार केलेला, बिनमालकाचा गोंगाट — तो हा. तुम्ही तर विचारलंही नव्हतं, नाही का. मीच.

चहा राहू द्या, निवला तो. लिहा मग, नीट लिहा. लाँड्रीतल्या म्हणत असतील ते — वर चढला, खरं. गिऱ्हाइकं नेली, खरं. मास्तरांचं बंद केलं, ते मात्र पुरतं खरं नाही. एक राहिलंय. ते तुम्ही करा. जिना उजव्या हाताला, मी येत नाही दाखवायला. आणि बंद केल्यावर लगेच उतरू नका, साहेब, थोडं वरच थांबा. खालून हाक येईल. ओ देऊ नका.

जा.