पाव तासाचं काम

दुक्महून मस्कतला निघालेल्या बसमध्ये मार्सेल या सहप्रवाशाचा डोळा लागत होता. पुढच्या सीटवर प्रशांत आणि रमण, सुट्टीवर निघालेले दोघे इंजिनिअर, बोलत होते.

“जुन्या मशीनचा डेटा पाठवलास ना रे, प्रशांत?”

“लावून आलोय. पाचशे जीबी. डिस्क सेकंदाला सहाशे एमबी देते, पाव तासात खलास.”

“डिस्क देईल रे. पण साइटवरून बाहेर जायला तो जुना मोडेमच आहे, छप्पन केबीचा.”

“मग?”

“ते छप्पन किलोबिट. आठाने भाग, सेकंदाला सात किलोबाइट.”

“म्हणजे किती वेळ?”

“डिस्कचं एका सेकंदाचं काम मोडेमला अख्खा दिवस पुरतं. तुझं सगळं जायला सव्वादोन वर्षं.”

“काय?”

मार्सेलची झोप उडाली.

“रमण, दुपारी भंगारवाला मशीन नेणार आहे!”

“फोन कर कुणाला तरी.”

“साइटवर आता उरलंय कोण? सगळी रीडिंगं त्यातच आहेत! भाईसाब, गाडी रोको!”

“अरे, उद्या तुझ्या पोरीचं बारसं! मैनावहिनीला काय सांगू?”

“ही बॅग तिला दे. झबलं आत आहे म्हणून सांग.”

प्रशांत उतरून दुक्मकडे जाणाऱ्या ट्रकला हात करत धावला. बस सुटली, तरी रमणने ती बॅग मांडीवर तशीच धरून ठेवली होती.