अव्वल कंपनीचा जॅक

...नाही पण हसायचं म्हणजे किती हसायचं माणसानं? तुम्हाला सांगतो, विसरवाडीच्या चौफुलीवर शब्बीरभाई तीस वर्षं वेल्डिंग करतोय. ट्रकच्या जुन्या ॲक्सलातून असा जॅक बनवतो, की भरलेली गाडी उचलून ठेवा आणि खाली सतरंजी टाकून खुशाल झोपा! आणि अशा माणसाच्या दुकानासमोर ड्रायव्हर लोक गाडी हळू करतात, पाटी वाचतात आणि खी खी करत पुढे जातात. का? तर पाटीवर लिहिलंय 'अव्वल कंपनी'. बस्स, एवढंच! आता यात शब्बीरभाईचं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

नाव ठेवलं त्याच्या लेकीनं, शमानं. लोणखेड्याला कॉलेज करून आली आणि बापाच्या बरोबरीनं वेल्डिंगचा चष्मा लावून बसली. म्हणाली, "अब्बा, मालाला नाव पाहिजे. अव्वल ठेवू या." बापाला वाटलं, वा! अव्वल म्हणजे एक नंबर! त्यानं पाटी रंगवून घेतली, वर प्रत्येक जॅकवर वेल्डिंगच्या रॉडनं अक्षरं उठवली, अशी ठसठशीत की आंधळ्यानं बोटानं वाचावीत...

आता गंमत काय, की टीव्हीवर एक जुनं कार्टून लागायचं. एक अस्वल. झाडावर मधाचं पोळं. ते काढायला अस्वल टपालानं माल मागवतं. कधी शिडी, कधी तोफ, कधी स्प्रिंगचे बूट, एकदा तर पंखांचं विमान! आणि काहीही मागवू दे, खोक्यावर नाव एकच... अव्वल कंपनी! खोकं उघडलं की शिडी मोडते, तोफ उलटी सुटते, विमान विहिरीत, आणि मधमाश्या अस्वलाच्या मागे. सगळ्या जिल्ह्याची पोरं ते बघत मोठी झाली, त्यांचे ड्रायव्हर झाले, क्लीनर झाले. ज्यानं बघितलं नाही असा माणूस एकच, शब्बीरभाई! कारण कार्टून लागायचं तेव्हा तो दुकानात घाम गाळत असायचा. यात त्याचं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

शेवटी शेजारच्या टायरवाल्या भूपेंद्रनं मोबाइल पुढे धरला. "देख भाऊ, हाई शे तुन्ही कंपनी!" शब्बीरभाईनं अस्वल चार वेळा पडताना बघितलं. हसला नाही. घरी आला आणि एवढंच म्हणाला, "शमा, तीस वर्षांची इज्जत... अस्वलाच्या हवाली केलीस?"

तीही त्याचीच लेक. म्हणते, "अब्बा, नीट बघा. माल खोटा नव्हता, अस्वल अडाणी होतं! खोक्यातला कागद त्यानं एकदा तरी वाचला? शिडी चिखलात लावली, तोफ उलटी धरली. आणि कंपनीचा माल एकदा तरी उशिरा आला?"

मुद्दा बिनतोड! पण दुखावलेल्या माणसाला मुद्दा काय करायचा? सकाळी उठून त्यानं ग्राइंडर काढला आणि एकेका जॅकवरचं नाव खरडायला बसला. अकरा झाले, बारावा हातात घेतला, आणि वळणावरून आवाज आला... धाड!

मिरचीचा ट्रक आडवा. पोती फुटली, रस्ता लाल, हवा लाल, जो येतो तो शिंकतोय! आणि केबिनमध्ये काठी गावाकडचा ड्रायव्हर रामसिंग, पाय पत्र्याखाली अडकलेला. क्रेनला दोन तास. भूपेंद्र आपला चकचकीत जॅक घेऊन धावला, लावला, आणि तो सरळ मातीत घुसून कलंडला. पत्रा आणखी दोन बोटं खाली बसला. रामसिंगनं अशी किंकाळी फोडली की माणसं शिंकायचीसुद्धा थांबली.

तेवढ्यात शब्बीरभाई पोचला. बारावा जॅक तसाच हातात, नाव शाबूत! गर्दी ओरडली, "ओ भाऊ, नका लावू! अव्वलना शे, फुटी जाई!" आतून रामसिंगनं मान वळवली, अक्षरं वाचली आणि त्या हालतीत विचारलं, "भाऊ... हा अस्वलवाला तर नाही ना?"

शब्बीरभाई गुडघ्यावर बसला. म्हणाला, "तोच आहे. पण लावणारं अस्वल नाही."

वा रे वाघ!

"फळी! अब्बा, आधी फळी!" शमानं जाड फळी आणून मातीवर आडवी टाकली, तिच्यावर जॅक. शब्बीरभाई दांडी फिरवायला लागला. पण मिरची नाकात! शिंक आली, हात हलला, की पाय गेला. डोळ्यांतून धारा, नाक थरथरतंय, शिंक आली... आली... आणि शमानं मागून बापाचं नाक चिमटीत गच्च धरलं! तो तोंडानं श्वास घेतोय, ती नाक सोडत नाही, पत्रा वर येतोय... एक बोट... दोन... चार! भूपेंद्रनंच रामसिंगला बगलेत हात घालून बाहेर ओढला. मग लेकीनं नाक सोडलं, आणि बापानं अशी शिंक दिली की गर्दीनं टाळ्यांचा कडकडाट केला!

पाय मोडला होता, पण होता! डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कापावा लागला असता. दोन महिन्यांनी रामसिंग काठी टेकत आला, ट्रकच्या पाठीमागे 'अव्वलची कृपा' लिहून! आता नवापूरहून, साक्रीहून माणसं जॅक घ्यायला येतात. आणि ते खरडलेले अकरा? कुणी हात लावत नाही. "नाव कुठाय? नाववालाच पाहिजे!" बसला बिचारा परत अक्षरं उठवत. यात त्याचं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

परवा तर सत्तरीच्या नर्मदाबाई एसटीतून उतरल्या, सरळ दुकानात आल्या आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "शब्बीरभाऊ, ते अस्वलनं विमान शे का तुन्हाकडे? नातूले पाहिजे."

शब्बीरभाईनं शमाकडे बघितलं. शमानं छताकडे बघितलं. त्यानं एक मोठा श्वास घेतला, चष्मा पुसला आणि म्हणाला,

"शे ना मावशी... पन आज खपी गयं. सोमवारले या!"